मस्कतची टुंग

माझा धाकटा भाऊ दिलीप पुण्याला असतो. मागच्या महिन्यात तो धाराशिवला माझ्याकडं आला आणि चहा व्हायच्या आतच त्यानं पिशवीतून एक खोकं काढून टेबलावर ठेवलं. आत हाताच्या पंजाएवढी काळी गोल चकती होती आणि तिच्यावर चार रंगांची चार बटणं होती: लाल, हिरवं, निळं, पिवळं. जुन्या वस्तू जमवणाऱ्यांच्या कुठल्याशा ग्रुपात तो आहे. तिथं एका माणसाकडून त्यानं ती मिळवली होती. पन्नाशीला टेकलेला, डोक्यावर केस न उरलेला माझा भाऊ लहान पोरासारखा हसत होता. "अक्का, वळख बरं काय हाय?" असं म्हणून त्यानं बटण दाबलं आणि माझ्या स्वच्छ, शांत घरात टुंग असा आवाज झाला. मी चकती उलटी केली, मागचं झाकण उघडून सेल काढले आणि त्याच्या हातात दिले. म्हटलं, "ही माझ्या घरात वाजवायची न्हाय. पिशवीत टाक." त्याचं तोंड उतरलं. तो म्हणाला, "अगं, आपल्या लहानपणाची एवढी एकच तर चांगली आठवण हाय."

चांगली आठवण म्हणे. तो तेव्हा सहा वर्षांचा होता, त्याला काय माहीत असणार? आणि त्याच्या ग्रुपातली माणसं एकमेकांना फोटो पाठवून "काय दिवस होते ते" म्हणून गळे काढतात, त्यांचं मला काही घेणंदेणं नाही. त्यांचे दिवस तसे असतील. माझे नव्हते. मी आयुष्यभर सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून नोकरी केली, शेकडो माणसांची घाण काढली, कशाची किळस येत नाही मला. या एका खेळण्याची येते. दिलीपनं विचारलं, का म्हणून. त्याला तोंडानं सांगणं मला जमलं नाही, म्हणून इथं लिहिते आहे. वाचेल तेव्हा वाचेल.

आमचं घर भूम तालुक्यातल्या ईट गावात. घरामागं खव्याची भट्टी होती आणि ती माझ्या मायच्या जिवावर चालायची. पहाट फुटायच्या सुमाराला दुधाच्या किटल्या यायच्या, आणि मग दुपारपर्यंत घरात एकच आवाज असायचा, कढईच्या बुडाला उलथनं घासल्याचा. खर्र, खर्र, खर्र. तो थांबला की आम्ही दोघं भावंडं अंगणात खेळता खेळता मान वर करून बघायचो, कारण तो थांबणं म्हणजे एक तर खवा झाला किंवा काहीतरी बिघडलं. मायचे दंड गड्यासारखे झाले होते. तिच्या लुगड्याला, केसांना, अगदी घामालाही आटलेल्या दुधाचा वास यायचा. कढईच्या कडेची खरवड ती आम्हाला पळसाच्या पानावर काढून द्यायची, गरम गरम, थोडी करपलेली, आणि वर गुळाचा खडा. आजही लोक मला पेढ्यांचा पुडा आणून देतात आणि मी तो शेजारी देऊन टाकते. मला पेढा नको असतो. मला ती करपलेली खरवड हवी असते आणि ती कुठं विकत मिळत नाही.

वडलांना आम्ही आप्पा म्हणायचो. ते मस्कतला वायरमन होते. आमच्या भागातला माणूस त्या काळात मस्कतला जाणं म्हणजे गावात मोठी गोष्ट. दोन वर्षांतून एकदा दोन महिने यायचे. उरलेला सगळा काळ ते भिंतीवरच्या फोटोत असायचे, काळा चष्मा लावून, मागं समुद्र. खरं सांगायचं तर मला फोटोतले आप्पा जास्त आवडायचे. फोटोतले आप्पा काही बोलत नसत.

मी सातवीत असताना ते आले आणि ती चकती घेऊन आले. गावात असलं काही कुणी पाहिलं नव्हतं. खेळ सोपा होता. एक बटण पेटतं, आवाज होतो, तेच बटण आपण दाबायचं. मग ते पेटून आणखी दुसरं पेटतं, आपण दोन्ही ओळीनं दाबायची. मग तीन, मग चार, अशी ओळ वाढतच जाते. प्रत्येक रंगाचा सूर वेगळा. जिथं चुकलं तिथं चकती भर्रर्र करून ओरडते, जणू गाढव हसतंय. दिलीपनं तिचं नाव टुंग ठेवलं आणि मग सगळी आळी तिला टुंगच म्हणायला लागली.

दुपारची जेवणं झाली की आप्पा ओसरीत सतरंजीवर बसायचे. समोर मी, मांडीवर दिलीप, आजूबाजूला आळीतली पोरं, माझे चुलते बाबूकाका आणि येणारं-जाणारं कुणीही. आप्पा स्वतः वीस-बावीसपर्यंत सहज जायचे. डोळे अर्धे मिटून, तंबाखू चघळत, बोटं तबल्यावर पडावीत तशी पडायची. मग टुंग माझ्या हातात यायची. आणि ते बोटांकडं न बघता माझ्या तोंडाकडं बघायचे. ती नजर अंगावर आली की मला लाल आधी का निळं आधी तेच कळेना. सहा-सातच्या पुढं मी कधी गेले नाही. भर्रर्र झालं की आप्पा टाळी वाजवायचे. "मठ्ठ! डोकं हाय का मडकं?" सगळे हसायचे. मग ते माझ्या डोक्यावर बोटाच्या पेरानं टकटक करायचे आणि कान लावून ऐकल्यासारखं करायचे. "पोकळ हाय बग, बाबू. घुमतंय." बाबूकाका हसायचे. मायसुद्धा एकदा आतून हसली होती. ते मी विसरलेले नाही.

हे एक दिवस नव्हे, दोन महिने चाललं. मी शाळेत वर्गात पहिली यायची, तो कागद त्यांना दाखवला तर म्हणाले, "पाठ केलं आसंल. ध्यान येगळं आन् पाठांतर येगळं." परत जायच्या दिवशी एस.टी.त चढताना मायला त्यांनी काय सांगितलं ते मी ऐकलं: "ह्या मठ्ठ पोरीला लई शिकवत बसू नगंस. भट्टीवर हाताखाली घे." आणि माझ्याकडं वळून हसत म्हणाले, "टुंग ठिवून चाललोय. पुढल्या बारीला बघतो तुला."

काही लोकांना वाटेल, बापाची थट्टा ती, एवढं काय मनावर घ्यायचं. ज्याला असं वाटतं त्यानं खुशाल वाटून घ्यावं. बारा वर्षांच्या मुलीला एवढं कळत होतं की माझी शाळा आता चार बटणांवर टांगलेली आहे.

मी दोन वर्षं सराव केला. मायच्या शेजारी, भट्टीपाशी बसून, धूर डोळ्यांत जात असताना. सेल बसत आले की उन्हात तापवायचे, तेवढ्यावर आणखी चार दिवस निघायचे. भूमला बाजाराला कुणी गेलं की नवे आणायला सांगायचे. सुरुवातीला रंग तोंडानं म्हणायची, मग सूर लक्षात ठेवायला शिकले, मग दोन्ही सोडून दिलं आणि बोटांवर सोपवलं. दहा झाले, पंधरा झाले, वीस झाले. प्रत्येक वेळी मी डोळ्यांपुढं आप्पांचं तोंड आणायची. हसणारं, तंबाखूनं लाल झालेले दात दाखवणारं. ते तोंड समोर असतानाही माझा हात हलता कामा नये, हा माझा सराव. कुणी प्रेमानं शिकतं, कुणी भीतीनं. मी रागानं शिकले. राग चांगला मास्तर असतो, कधी सुट्टी घेत नाही. माय एकदा म्हणाली, "शके, त्या खेळण्याला जरा दम खाऊ दे. आन् तू बी खा." मी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

मी नववीत होते. हिवाळा संपत आला होता, ज्वारी काढणीला आली होती. एक दिवस शाळेतून आले तर आप्पा ओसरीत बसलेले. पत्र नाही, तार नाही, दोन वर्षं पुरी व्हायलाही अवकाश होता. एरवी ते यायचे तर दोन पेट्या, दोरीनं बांधलेलं ब्लँकेट, अत्तराच्या बाटल्या. या वेळी एकच पिशवी. डोक्यावर विणलेली टोपी होती आणि ती काढली की उजव्या कानामागं केस नसलेली, बोटभर लांब, गुलाबी खूण दिसायची. बाबूकाकांनी विचारलं तेव्हा मायच घाईनं बोलली, "मोरीत घसरले व्हते. बरं झालं आता."

मी टुंग धुऊन पुसून तयार ठेवली होती. ते मागतील म्हणून रोज दुपारी ओसरीत घोटाळायची. त्यांनी मागितली नाही. आठ दिवस गेले, पंधरा गेले. जेवून झालं की भिंतीला टेकून गप्प बसायचे. दुकानात काही आणायला गेले की मोकळ्या हातानं परत यायचे आणि मायला विचारायचे, "काय म्हणली व्हतीस गं?" दिलीपला दोनदा त्यांनी बाबूकाकांच्या पोराच्या नावानं हाक मारली. आमटीत मीठ घालून झाल्यावर पुन्हा मीठ घातलं आणि माय ती आमटी न बोलता जेवली. हे सगळं मी पाहत होते. पण मला दुसरंच वाटत होतं. मला वाटत होतं, आम्ही यांच्या लक्षात राहण्याच्या लायकीचेच नाही. मला टुंग खेळायला बोलवायचीसुद्धा यांना गरज वाटत नाही. माझी दोन वर्षं यांनी ढुंकून न पाहता फुकट घालवली.

मग एका दुपारी मी वैरण आणायला मागच्या दारी गेले. कडब्याच्या गंजीमागून टुंग वाजली. मी चपला काढून हळूच वाकून पाहिलं. आप्पा जमिनीवर उकिडवे बसले होते, टोपी गुडघ्यावर, चकती हातात. टुंग. टुंग टुंग. टुंग टुंग टुंग. भर्रर्र. पुन्हा सुरू केलं. पुन्हा चौथ्याला भर्रर्र. मग तिसऱ्यालाच. ते ओठ हलवून रंगांची नावं घेत होते, मी सुरुवातीला घ्यायची तशी. "लाल, पिवळं, लाल..." आणि मग पुढं काहीच नाही, बोट हवेत तसंच. किती तरी वेळा खेळले ते. शेवटी चकती मांडीवर ठेवून त्यांनी तळहातानं स्वतःच्या कपाळावर मारलं. एकदा नाही, चार-पाच वेळा, जोरात.

मला त्या क्षणी काय वाटलं ते मला लिहायचं आहे, नाहीतर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. मला आनंद झाला. पोटात गुळाचं पाणी गेल्यासारखं गोड वाटलं. या माणसाला आता चारच्या पुढं जाता येत नाही, आणि मला सव्वीसपर्यंत जाता येतं, आणि हे अजून फक्त मला माहीत आहे. मी वैरण न घेताच परत आले.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी, रविवारी, एक पाहुणा येणार होता. बार्शीच्या रस्त्याला नवी सूतगिरणी उभी राहत होती आणि तिथं वायरमन घ्यायचे होते. बाबूकाकांच्या ओळखीचा एक सुपरवायझर दुपारी जेवायला येऊन आप्पांना बघणार, मग जागेचं नक्की करणार. आप्पा आता मस्कतला परत जाणार नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. मायनं सकाळीच भट्टी उरकली आणि ताज्या खव्याच्या पोळ्या केल्या. आप्पांना परदेशी कापडाचा शर्ट घातला, कागदपत्रं एका पिशवीत नीट लावून दिली. स्वयंपाकघरात ती त्यांना हळू आवाजात काहीतरी पढवत होती आणि ते मान हलवत होते. एक छोटा कागद तिनं त्यांच्या वरच्या खिशात ठेवला. बाबूकाकांना म्हणाली, "भावजी, बोलायचं ते तुमीच बोला. ह्यांना हाताचं काम द्या, ह्यांचा हात अजून तसाच हाय." ते खरं होतं. त्याच आठवड्यात त्यांनी आमच्या विहिरीवरच्या मोटारीची सगळी वायर नव्यानं ओढली होती, कुठं अडखळले नाहीत. ही गोष्टही मला माहीत होती.

सुपरवायझर जाडजूड, हसरा माणूस होता. पोटभर जेवला, खव्याच्या पोळीची तारीफ केली. बाबूकाका मस्कतच्या मोठमोठ्या इमारतींबद्दल सांगत होते, आप्पा बाजूला बसून "व्हय, व्हय" म्हणत होते. सगळं नीट चाललं होतं. मी पानाचं तबक घेऊन गेले.

"कितवीत हाय गं बाळ?" त्यानं विचारलं.

"नववीत."

"बापावानी हुशार हायेस का न्हाईस?"

मी तबक खाली ठेवलं. म्हटलं, "न्हाय जी. आप्पांसारखं ध्यान सगळ्या गावात कुणाचं न्हाय. दावू का तुमाला?"

दारामागून माय म्हणाली, "शके, आत ये. चूल बघ." मी तिकडं पाहिलं नाही. खुंटीवरच्या पिशवीतून टुंग काढली आणि आप्पांपुढं धरली.

"ऱ्हाऊ दे की आता," आप्पा म्हणाले. "पाव्हण्याम्होरं कसला खेळ."

"अहो खेळा की!" सुपरवायझर मांडी सावरून पुढं सरकला. "मस्कतचा माल आम्ही बी बघू जरा."

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. दोन वर्षांपूर्वी ते जसं माझ्या तोंडाकडं बघायचे तसं मी आता त्यांच्या तोंडाकडं बघत होते. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि चकती घेतली. एक झालं. दोन झाले. तीन झाले. सुपरवायझर "वा" म्हणाला. मग भर्रर्र.

"बोट घसरलं," आप्पा म्हणाले.

"पुन्यांदा खेळा, आप्पा," मी म्हणाले. "मागच्या बारीला तुमी बावीसपतुर गेला व्हता."

पुन्हा चौथ्यालाच भर्रर्र. तिसऱ्या वेळी दुसऱ्यालाच. त्यांच्या कानामागून घामाचा ओघळ त्या गुलाबी खुणेवरून मानेत उतरला. दिलीप मध्येच टाळ्या वाजवत ओरडला, "आप्पा मठ्ठ! आप्पा मठ्ठ!" तो शब्द त्यानं आप्पांकडूनच उचलला होता, त्याला वाटलं खेळात असंच म्हणायचं असतं. कुणी हसलं नाही. मग मी आप्पांच्या हातातून टुंग घेतली आणि खेळायला लागले. दहा. बारा. पंधरा. मी चकतीकडं बघतही नव्हते. अठरा. वीस. तेवीसला मी स्वतःच थांबले, चुकून नव्हे.

"पोरगी मात्र तेज हाय," सुपरवायझर म्हणाला. मग तो थोडा वेळ आप्पांच्या कानामागं बघत राहिला आणि अगदी मऊ आवाजात बोलला, "मघाशी जेवताना म्या सांगितलं न्हवं, जागा कुठल्या खात्यात हाय ते? काय सांगितलं व्हतं?"

आप्पांनी दाराकडं पाहिलं. मग हात वरच्या खिशाकडं नेला, तिथंच थांबवला आणि परत खाली घेतला. बाबूकाका काहीतरी बोलायला लागले तर सुपरवायझरनं हातानं त्यांना थांबवलं. तो वाईट माणूस नव्हता. उठताना त्यानं आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. "बराय. कळवतो," म्हणाला. त्याचा निरोप कधी आला नाही. आणि का यावा? विजेच्या तारांशी खेळणारा माणूस सांगितलेलं विसरत असेल तर त्याला कोण कामावर घेईल? ते मला आता पटतं. पण त्याला ते कळलं कुणामुळं?

आप्पा शर्ट न बदलताच शेताकडं निघून गेले. माय मला भट्टीपाशी घेऊन गेली. मला वाटलं आता उलथनं पाठीत बसणार. तिनं हात उचलला नाही. थंड कढईच्या कडेला टेकून ती सांगत गेली, अगदी सपाट आवाजात: आप्पा तिथं शिडीवरून पडले. आठ दिवस बेशुद्ध होते. जुनं सगळं आठवतं, काम हाताला आठवतं, पण नवीन सांगितलेलं डोक्यात टिकत नाही. तिथल्या मालकानं तिकीट काढून घरी पाठवलं. गावात कळलं तर कुणी काम देणार नाही म्हणून तिनं सगळ्यांपासून लपवलं, बाबूकाकांपासूनसुद्धा.

"मला काय ठाव?" मी म्हणाले. "मला कुणी सांगितलं का?"

मायनं माझ्याकडं नीट पाहिलं. "मंग परवा गंजीमागं हुबी ऱ्हाऊन काय बघत व्हतीस?"

ती तेव्हा तिथंच कुठंतरी होती. गोठ्यात असेल, न्हाणीत असेल, तिनं मला पाहिलं होतं. माझ्या तोंडावरचा आनंदही पाहिला असणार. तिनं माझ्या हातातून टुंग घेतली, भट्टीतल्या निखाऱ्यावर टाकली आणि वर दोन लाकडं सारली. प्लॅस्टिक जळाल्याचा तो वास दोन दिवस गेला नाही. संध्याकाळचं दूध नासवून चालणार नव्हतं, ते तिनं त्याच भट्टीवर आटवलं आणि त्या खव्याला वास लागला म्हणून सगळा गुरांना घालावा लागला. दिलीपला सांगितलं, हरवली. तो आठवडाभर रडला. त्याच्या मनातली "चांगली आठवण" ती ही.

आप्पांनी पुढं कुठं नोकरी केली नाही. मायनं त्यांच्या हातात उलथनं दिलं. खर्र, खर्र, खर्र, तीस वर्षं. ते काम त्यांना जमलं. दूध कधी आटतंय ते डोळ्यांना दिसतं, लक्षात ठेवावं लागत नाही. गावात कुणी म्हणायचं, मस्कतचा वायरमन बायकोच्या हाताखाली लागला. ते ऐकून घ्यायचे. माझ्या शिक्षणाला त्यांनी पुन्हा आडकाठी केली नाही. मला कधी मठ्ठ म्हणाले नाहीत. शकेही म्हणाले नाहीत. त्या रविवारनंतर ते मला शकुंतला म्हणायला लागले, शाळेच्या हजेरीतल्यासारखं पूर्ण नाव घेऊन. ती माझी शिक्षा होती की त्यांची सवय, मला ठरवता आलं नाही. आणि मीही काही बोलले नाही. मला त्यांचा राग येतच राहिला. लोक सांगतात की अपराध वाटला की राग निवतो. माझा निवला नाही. ज्याच्यावर आपण अन्याय केला त्या माणसाचा आपल्याला जास्तच राग येतो, हे मी माझ्यावरून सांगते. त्यांचा वाकलेला खांदा दिसला की मी तोंड फिरवायची आणि मनात म्हणायची, तुम्हीच मला असं केलंत.

माकणीला माझी बदली झाली तेव्हाची गोष्ट. मी चाळिशीला आले होते, मालक दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला, मुलगा वसतिगृहात, क्वार्टरमध्ये मी एकटीच. मायचं सोलापूरला डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. तिच्यासोबत दिलीप गेला आणि आप्पांना माझ्याकडं आणून सोडलं. आठ दिवस आम्ही दोघंच, जन्मात पहिल्यांदा. मी त्यांना आंघोळीचं पाणी द्यायची, जेवायला वाढायची, गोळ्या द्यायची, पेशंटला देतात तशी. धरणाच्या बाजूनं वारा यायचा. ते पायरीवर बसून राहायचे.

पाचव्या दिवशी ड्युटी लवकर संपली. मी सुपात भुईमुगाच्या शेंगा घेऊन पायरीवर बसले आणि फोडायला लागले. न सांगता त्यांनीही हात घातला. बराच वेळ आम्ही शेंगा फोडत होतो. मग मान वर न करता ते म्हणाले, "शकुंतला, त्या दिवशी तू बटनाकडं बघत न्हवतीस."

कुठला दिवस, हे विचारायची गरज नव्हती. सकाळी काय जेवले ते विसरणाऱ्या आप्पांच्या डोक्यात तो एक दिवस मात्र रुतून बसला होता.

"माझ्या तोंडाकडं बघत व्हतीस," ते म्हणाले. "तवाच कळलं मला. तुला आदीच ठाव व्हतं."

"व्हय," मी म्हणाले. पंचवीस वर्षांत हा एवढाच शब्द मला खरा बोलता आला. "ठाव व्हतं, आप्पा."

त्यांनी एक शेंग दोन बोटांत दाबली, दाणे सुपात टाकले, टरफल बाजूला टाकलं. "माझ्यावर गेलीस तू," म्हणाले.

मठ्ठ म्हणून त्यांनी मला जेवढं दुखावलं होतं ते सगळं एका बाजूला आणि हे एका बाजूला. तो टोमणा असता तर मी उलट बोलले असते, माझ्याकडं पुष्कळ उत्तरं साठलेली होती. पण त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. ते हसतही नव्हते. मायेनं म्हणाले म्हणावं तर तसंही नव्हतं. दवाखान्यात आम्ही केसपेपरवर रोगाचं नाव लिहितो, तसं त्यांनी ते सांगितलं. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. आणि त्यांचे पाय धरून माफीही मागायची होती. दोन्ही एकदमच तोंडाशी आलं आणि त्यातलं एकही बाहेर पडलं नाही. मी खाली मान घालून शेंगा फोडत राहिले. मला वाटलं, शेंगा संपल्या की बोलू. दाणे पाखडून झाले की बोलू.

सूप रिकामं झालं. मी आत जाऊन दाणे डब्यात भरले, तोंडावर पाणी मारलं, दोन वाक्यं मनात जुळवली आणि पदरानं तोंड पुसत बाहेर आले. आप्पांनी मान वर केली. माझा नर्सचा पांढरा गणवेश बघून त्यांचा चेहरा उजळला.

"आगं, शकुंतला," ते म्हणाले. "तू कवा आलीस?"

"आत्ताच, आप्पा," मी म्हणाले. "आत्ताच आले."